हवेतला शेजारधर्म

धुळ्याला देवपुरात माझ्या मामांचे घर होते. त्या घराच्या गच्चीवरून समोरच्या कडुनिंबापर्यंत वीस मीटर लांबीची तांब्याची तार ताणलेली असे, आणि तिच्या मध्यापासून एक काळी केबल खिडकीतून आतल्या खोलीत उतरे. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटे, आणि इतक्या उंचावर कपडे घालतो तरी कोण, असा प्रश्न त्याला पडे. जुन्यांना मात्र ठाऊक होते की त्या तारेवरून 'साहेब परदेशाशी बोलतात'. मामा साहेब वगैरे कोणी नव्हते. पाटबंधारे खात्यात ते ओव्हरसियर होते, आणि उरलेल्या वेळात हॅम होते. म्हणजे सरकारी परवाना घेऊन, घरच्या ट्रान्समीटरवरून, आपल्यासारख्याच हौशी माणसांशी बिनतारी बोलणारे गृहस्थ.

१९८७ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. त्या वर्षी रविवार सकाळ ही साऱ्या देशाने 'रामायणा'ला दिलेली होती. आमच्या शेजारच्या आप्पांकडे टीव्ही होता, आणि त्यांच्या ओसरीवर निम्मी गल्ली जमत असे. एका रविवारी, मालिका ऐन रंगात आलेली असताना, आप्पा फाटकाशी येऊन उभे राहिले. चिडलेले होते, पण मामांचा मान राखून बोलले. "भाऊ, तुमी बोलतस आन आमना टीव्ही नाचस." मामांनी तत्क्षणी यंत्र बंद केले. आप्पा परत गेले आणि राम-लक्ष्मण पुन्हा स्थिर झाले.

माझी अपेक्षा अशी होती की मामा आता आपले यंत्र उघडून बसतील. त्यांनी तसे केले नाही. पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी गावातल्या दुसऱ्या एका परवानाधारक मित्राला बोलावून आपल्या यंत्रापाशी बसवले (परवाना नसलेल्या माणसाने, मग तो घरचा का असेना, कळ दाबायची नाही हा त्यांचा दंडक होता), आणि स्वतः मला घेऊन आप्पांच्या ओसरीवर गेले. मित्र ठरल्या वेळी बोलू लागला की पडद्यावर तिरपे पट्टे नाचत. मग मामांनी आप्पांच्या परवानगीने एरियलचा बूस्टर काढून तार सरळ टीव्हीला जोडली. चित्र फिके झाले, मुंग्या वाढल्या. पण पट्टे नाहीसे झाले. दोष मामांच्या ट्रान्समीटरचा नव्हता. दूरच्या केंद्राचे चित्र ओढून आणण्यासाठी बसवलेला तो स्वस्त बूस्टर जवळचा जोरदार संदेश पचवू शकत नव्हता. तो गुदमरत होता, आणि त्याचे गुदमरणे पडद्यावर दिसत होते.

नियमाच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले. मामांनी मात्र तपकिरीच्या एका रिकाम्या डबीत दोन-तीन तारेची वेटोळी आणि तितकेच कपॅसिटर बसवून एक चाळणी तयार केली. टीव्हीच्या उच्च वारंवारतेच्या लहरींना वाट देणारी आणि मामांच्या लहरींना अडवणारी ती डबी बूस्टरच्या अलीकडे लागली आणि आप्पांचा टीव्ही नाचायचा थांबला. तरीही पुढे ती मालिका संपेपर्यंत, म्हणजे १९८८ च्या जुलैअखेरपर्यंत, रविवारी त्या वेळात मामांनी कधी कळ दाबली नाही. दोष आप्पांच्या बूस्टरचा होता आणि तोही दुरुस्त झाला, मग आता का थांबता, असे मी विचारले. ते म्हणाले, "दोष कुणाचा हे मीटर लावून कळते. पण गल्लीत चाळीस माणसे हात जोडून बसली असताना माझ्यामुळे एक पट्टा जरी हलला, तरी त्यांना मीटर कोण दाखवणार?"

हॅम रेडिओतील सभ्यता असा काही विषय असतो हे मला त्या वयात ठाऊक नव्हते. मी त्याला मामांचा स्वभाव समजत होतो. तो केवळ स्वभाव नव्हे हे कळायला मला चौदा वर्षे लागली, आणि एक चूक करावी लागली. ती सांगण्यापूर्वी या छंदाची रीत थोडी सांगणे भाग आहे.

हॅमला जगभर लहरींचे काही ठरावीक पट्टे नेमून दिलेले आहेत. आपल्याकडे हे सारे १९७८ च्या नियमांखाली आले. परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आपली सांकेतिक ओळख प्रत्येक संभाषणात सांगायची. व्यापाराच्या गोष्टी करायच्या नाहीत, गाणी वाजवायची नाहीत. देशातल्या देशात बोलायला सर्वांत उपयोगी पट्टा चाळीस मीटरचा. माझ्या उमेदवारीच्या काळात तो आपल्याकडे ७००० ते ७१०० किलोहर्ट्झ एवढाच होता; त्याच्या वर परदेशी प्रसारण केंद्रांचा गदारोळ चाले. २००३ च्या जागतिक परिषदेत ठरल्याप्रमाणे २९ मार्च २००९ पासून त्या केंद्रांनी आणखी शंभर किलोहर्ट्झ मोकळे केले. पण त्याआधीचा हिशेब पाहा. माणसाच्या आवाजातले एक संभाषण साधारण तीन किलोहर्ट्झ जागा अडवते. म्हणजे मोर्सवाल्यांना काहीच जागा दिली नाही असे धरले, तरी तीस-बत्तीस संभाषणांत तो पट्टा भरला. या खंडप्राय देशाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना मिळून एवढेच अंगण.

आणि त्या अंगणात कोणाचीही हद्द आखलेली नाही. परवाना पट्ट्याचा मिळतो, त्यातल्या एखाद्या वारंवारतेचा मिळत नाही. वीस वर्षे रोज सकाळी एकाच जागी भेटणाऱ्या मंडळींचाही त्या जागेवर हक्क नसतो. आलेल्या नवख्याने जागा रिकामी पाहून आधी बोलणे सुरू केले असेल, तर जुन्यांनी चार किलोहर्ट्झ सरकावे. हवेत भिंत नाही, कुंपण नाही. आपण खोकलो तर तो खोकला हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाच्या कानात जातो.

मामा हे समजावताना नेहमी फडाचा दाखला देत. पांझरेवर एकापुढे एक बंधारे आहेत, त्यांतून निघालेले पाट आहेत, आणि त्या पाटांवर निदान तीन-चारशे वर्षे चालत आलेली फडपद्धत आहे. फड म्हणजे एका पिकाखालचा मोठा सलग तुकडा. त्यात अनेकांचे पट्टे असतात, पण पीक सर्वांनी एकच घ्यायचे, आणि पाणी कोणी आपल्या हाताने फोडून न्यायचे नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाणी सोडतो, त्याच्या हाताखालचे जागले ते शेताशेताला पोचवतात. नोकरीनिमित्त मामांचा त्या पाटांवरून रोजचा वावर होता. ते म्हणत, "पाट सगळ्यांचा असला की दोनच गोष्टी होतात. एक तर पाटकरी नेमावा लागतो, नाही तर मारामाऱ्या होतात. हवेत पाटकरी नाही. तिथे ज्याने त्याने स्वतःवर पाटकरी नेमायचा."

पुढे विचार करताना मला या दाखल्यातला एक फरक महत्त्वाचा वाटू लागला. पाटातले पाणी एकाने घेतले की ते संपते. दुसऱ्याच्या वाट्याला उरलेले येते. वारंवारता वापरून संपत नाही. मी तासभर बोलून उठलो की ती जागा जशी होती तशी, तसूभरही न झिजता, पुढच्या माणसासाठी पडलेली असते. तिची नासाडी एकाच प्रकारे होते: दोघांनी एकाच वेळी बोलण्याने. पृथ्वीवर इतकी अक्षय, आणि तरीही इतक्या सहज बिघडणारी, सामायिक मालमत्ता दुसरी असेल असे वाटत नाही. ती राखायला ना धरण लागते, ना पहारा. थांबता येणे एवढेच लागते.

या थांबण्याची रीत हॅम मंडळींनी फार बारकाईने घडवलेली आहे. १९२८ साली पॉल सीगल या अमेरिकन हॅमने हौशी माणसाच्या अंगी असावेत अशा सहा गुणांची संहिता लिहिली. तिच्यात पहिले स्थान कौशल्याला नाही. आपल्या वागण्याने दुसऱ्याच्या आनंदात उणेपणा येऊ न देण्याला आहे. प्रत्यक्ष व्यवहारात याचे साधे साधे नियम होतात. बोलण्याआधी ऐकायचे. ऐकून झाल्यावर, जागा वापरात आहे का, असे विचारायचे. मोर्समध्ये त्यासाठी 'क्यूआरएल' ही तीन अक्षरे आहेत. उत्तरासाठी थांबायचे, पुन्हा विचारायचे. समोरच्याचे बोलणे संपताच झडप न घालता दोन-तीन सेकंद मोकळी ठेवायची, म्हणजे तातडीचा निरोप असलेल्या तिसऱ्याला आत शिरता येते. जेवढ्या शक्तीत काम होते त्याहून जास्त शक्ती वापरायची नाही. आणि यंत्र जुळवून घ्यायचे असेल तर ते एरियलवर नव्हे, खोट्या भारावर जुळवायचे. मामांचा खोटा भार म्हणजे शंभर वॅटचा साधा बल्ब होता. ते बोलू लागले की तो शब्दाशब्दाला उजळे आणि विझे. लहानपणी मला तो चमत्कार वाटे. शब्द हवेत न जाता खोलीतल्या खोलीत जळून जात आहेत, कोणाला त्रास न देता, हा त्यातला अर्थ पुष्कळ उशिरा लक्षात आला.

आता ती चूक.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला. भूजचे टेलिफोन केंद्र कोसळले, गावेच्या गावे तुटली, आणि देशातल्या अनेक हॅमनी आपली यंत्रे, बॅटऱ्या आणि तारा घेऊन तिकडे धाव घेतली. खानदेशात ही बातमी वर्तमानपत्रातून येऊन थांबली नाही. आमच्याकडच्या लाकडाच्या वखारी आणि सॉ मिल बऱ्याच अंशी कच्छी पटेलांच्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या, आमच्याइकीच अहिराणी समजणाऱ्या या मंडळींचे भाऊबंद तिकडच्या खेड्यांतच होते. मामांच्या ओळखीचे असे एक पटेलकाका होते. त्यांच्या थोरल्या भावाचा पत्ता लागत नव्हता. ते दिवसातून तीनदा मामांच्या दारी येत आणि काही न विचारता बसून राहत.

चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. कच्छमधल्या एका छावणीत बसलेल्या हॅमशी मामांची भल्या पहाटे गाठ पडली. त्याच्याजवळ छावणीत असलेल्यांची यादी होती. त्याने ती वाचली, मामांनी उतरवून घेतली, आणि रीतीप्रमाणे एकेक नाव उलट वाचून पडताळून घ्यायला सुरुवात केली. यादीत पटेलकाकांच्या भावाचे नाव होते. पण पटेलांत तेच नाव दर तिसऱ्या घरी. वडिलांचे नाव कळल्याशिवाय तो तोच, असे म्हणता येईना. मामांनी तो प्रश्न विचारला.

त्याच वेळी जळगावला रिंग रोडवरच्या आमच्या घरी मी माझ्या यंत्रापाशी बसलो होतो. परवाना हाती येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. आपलाही काही उपयोग व्हावा म्हणून मी पहाटे उठून यंत्र नीट जुळवायला घेतले होते. एक वारंवारता लावली आणि ऐकू लागलो. बारीक सरसर होती, बाकी काही नव्हते. मिनिटभर ऐकून मी कळ दाबली, आणि एरियलवरच यंत्र जुळवत बसलो. मामांसारखा बल्ब माझ्याजवळही होता. तो काढून जोडायचा कंटाळा केला. दोनेक मिनिटांनी समाधान झाल्यावर मी माझी ओळख सांगून सर्वांना हाक दिली. कळ सोडताच सरसरीतून एक थकलेला आवाज आला. इथे भूकंपाचे काम चालू आहे, कृपया जागा मोकळी करा, एवढेच तो म्हणाला. मी शरमून क्षमा मागितली आणि यंत्र बंद केले. दोन मिनिटांचाच प्रश्न, असे मनाशी म्हणालो.

रात्री मामांचा फोन आला. "तुझा संदेश कच्छपर्यंत उत्तम पोचतो," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "सकाळी पावणेसातला विचारले होतेस का, कोणी आहे का म्हणून?"

"मामा, मिनिटभर ऐकले होते. काहीच नव्हते."

"ऐकलेस ते बरोबर. विचारले होतेस का?"

त्यानंतर त्यांनी सकाळचा प्रकार सांगितला. त्यांचा प्रश्न छावणीतल्या माणसाला ऐकूच गेला नाही. त्यावर माझी शिटी बसली होती. मी हटेपर्यंत त्याची वेळ संपली. बॅटरी दुसऱ्या कामासाठी द्यायची होती, संध्याकाळपर्यंत तो पुन्हा येणार नव्हता. पडताळा न झालेले नाव मामा कोणाला सांगत नसत. म्हणून पटेलकाका दिवसभर ओसरीवर बसलेले असताना, खिशात ते नाव ठेवून, मामा त्यांच्यासमोर गप्प राहिले. संध्याकाळी वडिलांचे नाव आले आणि जुळले. भाऊ जिवंत होता, पाय मोडला होता. "काका आत्ताच घरी गेले," मामा म्हणाले. "रडले नाहीत. मामींकडून चहा मागून घेतला. पाच दिवसांत पहिल्यांदा काही मागितले त्यांनी." यापलीकडे मामांनी मला एक शब्द सुनावला नाही, आणि पटेलकाकांना तर शेवटपर्यंत काही कळले नाही. पण त्या दिवसाचे दहा-अकरा तास माझ्या खात्यावर आहेत, आणि ते उतरायचा काही मार्ग नाही.

मी ऐकले होते, हे खरेच होते. मग ऐकू का आले नाही? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे, आणि मला ते परीक्षेपुरते पाठही होते. लघुलहरी दोन वाटांनी जातात. एक जमिनीलगत, ती थोड्या अंतरात विरून जाते. दुसरी वर, वातावरणाच्या विद्युत्‌भारित थरावर आपटून दूर कुठेतरी खाली उतरते. पहाटे तो थर विरळ असतो. जवळजवळ सरळ वर गेलेली लहर त्यातून निसटून जाते, तिरपी गेलेली तेवढी परतते. त्यामुळे प्रत्येक केंद्राभोवती एक मुका पट्टा तयार होतो, जिथे जमिनीची लहर पोचत नाही आणि आभाळाची उतरत नाही. धुळे आणि जळगाव यांतले अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. त्या पहाटे आम्ही एकमेकांच्या मुक्या पट्ट्यात होतो. मामा बोलत होते आणि मला शांतता ऐकू येत होती. मी शिटी वाजवत होतो आणि मामांना शांतता ऐकू येत होती. सहाशे किलोमीटरवरच्या कच्छात मात्र आम्ही दोघे एकमेकांच्या उरावर बसलो होतो.

मला ऐकू आलेली शांतता ही माझ्या जागेवरची शांतता होती, आणि मी तिला साऱ्या जगाची शांतता समजलो. नुसते ऐकणे पुरत नाही, विचारावेही लागते, ते याचसाठी. मी विचारले असते तर मामांना ते ऐकू गेले नसते. पण ते ज्याच्याशी बोलत होते त्याला गेले असते, आणि तो 'हो' म्हणाला असता. 'हो' म्हणायला एक सेकंद लागतो.

मामांच्या त्या फोनमधला स्वर मला पुढे अनेकदा आठवला, कारण हवेवर त्याच्या उलट स्वरही पुष्कळ भेटतो. कोणी नवखा चुकून वारंवारतेवर आला की त्याला हुसकावण्यासाठी चार जाणते एकाच वेळी ओरडू लागतात. या मंडळींना हॅमच्या बोलीत 'पोलीस' म्हणतात, आणि मूळ चुकीपेक्षा जास्त व्यत्यय बहुधा हे पोलीसच आणतात. एखादे दुर्मीळ केंद्र हवेवर आले की हा प्रकार कळसाला जातो. त्या केंद्राने 'मी इथे बोलतो, तुम्ही पाच किलोहर्ट्झ वर हाका मारा' असे सांगितलेले असते. गडबडीत कोणी एक खालीच हाक मारतो, आणि त्याला 'वर, वर' असे सांगणाऱ्यांच्या कल्लोळात ते केंद्रच बुडून जाते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांनी अंदमानातून प्रसारण सुरू केले तेव्हा असेच साऱ्या जगाचे कान तिकडे लागले होते. २६ तारखेच्या सकाळी त्सुनामी आली, आणि संपर्कांची मोजणी करण्यासाठी नेलेले ते केंद्र निरोप पोचवणारे केंद्र झाले. छंद आणि प्रसंग यांच्यामध्ये एवढेच अंतर असते. सवय आधीपासून लागलेली असेल तरच ती प्रसंगाला उपयोगी पडते.

दरडावण्याची किंमत किती होऊ शकते याचे सर्वपरिचित उदाहरण १९१२ सालचे आहे. १४ एप्रिलच्या रात्री 'कॅलिफोर्नियन' हे जहाज बर्फात थांबले होते. त्याचा विशीतला बिनतारी चालक सिरिल इव्हान्स याने बर्फाचा इशारा द्यायला 'टायटॅनिक'ला हाक मारली. 'टायटॅनिक'वरचा जॅक फिलिप्स त्या वेळी किनाऱ्यावरच्या केप रेस केंद्राशी प्रवाशांचे निरोप देण्याघेण्यात गुंतला होता. जवळच्या जहाजाचा दणदणीत आवाज मध्येच कानात घुसला आणि फिलिप्सने त्याला गप्प राहायला सांगितले. इव्हान्स काही वेळ ऐकत बसला, मग यंत्र बंद करून झोपी गेला. त्यानंतर काही मिनिटांतच 'टायटॅनिक' हिमनगावर आदळले. या दोघांपैकी दुष्ट कोणीच नव्हता. एकाने मध्ये शिरण्याआधी कानोसा घेतला नाही, दुसऱ्याने मध्ये शिरलेल्याला काय सांगायचे आहे हे विचारले नाही.

समुद्रावरच्या लोकांनी यावरून जो धडा घेतला त्याची एक खूण मला फार आवडते. जहाजांच्या बिनतारी खोलीतल्या घड्याळांच्या तबकडीवर तांबडे पट्टे रंगवलेले असत: प्रत्येक तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटांचे. काटा त्या पट्ट्यात आला की ५०० किलोहर्ट्झवर सर्वांनी मुकाट व्हायचे आणि ऐकायचे, न जाणो कोणी क्षीण आवाजात मदत मागत असेल. उपग्रह आले, मोर्स गेले आणि १९९९ नंतर ती घड्याळे शोभेची झाली. पण तासातून सहा मिनिटे साऱ्या समुद्राने गप्प बसायचे, ही कल्पना मला अजून जुनी वाटत नाही.

व्यत्यय हे शस्त्रही असू शकते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. गणित केले तर ती जागा आजच्या हॅमच्या चाळीस मीटर पट्ट्यातच पडते. हौशी मंडळींची यंत्रे युद्ध सुरू होताच सरकारने जमा करून घेतली होती, म्हणजे त्या अंगणात तेव्हा कोणी शेजारीही नव्हता. सरकारने त्या आवाजावर गोंगाट सोडला, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला. मी त्या वारंवारतेच्या आसपास असलो की मला हे आठवते. कोणाच्या बोलण्यावर मुद्दाम शिटी सोडणारा हॅम क्वचित भेटतो, पण भेटतो. आपण कोणाच्या पंगतीला बसलो आहोत हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

आता काळ उलटला आहे. आप्पांच्या बूस्टरचे दिवस गेले. चित्र तारेतून आणि फोनमधून येते, हॅममुळे कोणाचा टीव्ही नाचत नाही. नाचतो तो आमचा रिसीव्हर. स्वस्त एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंपांचे नियंत्रक या सगळ्यांतून एक अखंड गुणगुण निघते आणि चाळीस मीटरवर दाट धुक्यासारखी बसते. केळीच्या मोसमात संध्याकाळी पंप सुरू झाले की जळगावच्या आसपास दूरचा आवाज ऐकणे ही तपश्चर्या होते. तक्रार करावीशी वाटते. पण अशा वेळी मला तपकिरीची डबी आठवते. शेजाऱ्याच्या घरी जावे, त्याचा दिवा बंद-चालू करून दाखवावा, आपल्या खर्चाने फेराइटची एक कडी त्याच्या वायरीवर चढवून द्यावी. दोनदा मी तसे केले आहे. एकाने चहा पाजला. दुसऱ्याने, तुम्ही वरून हे कसले मनोरे लावता, त्याने आम्हाला कॅन्सर होत नाही ना, असे विचारले. त्यालाही समजावून सांगितले. गच्चीवर तार ताणणाऱ्याला हेही करावे लागते.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेलेल्या हॅमला 'सायलेंट की' म्हणायची आमच्यात रीत आहे. मुकी झालेली कळ. देवपुरातले घर विकले गेले, कडुनिंब आहे. शंभर वॅटचा बल्ब मी जळगावला आणला.

गेल्या हिवाळ्यात इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी माझ्याकडे शिकायला येत होता. त्याच्या पिढीला ऐकण्याआधी दिसते. संगणकाच्या पडद्यावर सगळा पट्टा धबधब्यासारखा उतरत असतो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे उजळ रेघ उमटते. एके दिवशी उजाडायच्या आत त्याने पडद्यावरच्या एका काळ्या जागेवर बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, इथे कोणी नाही. पाहा, पूर्ण रिकामी आहे." मी म्हटले, असेल. आधी विचारू या.

मी माझी ओळख सांगितली, जागा वापरात आहे का असे विचारले, आणि थांबलो. पडदा काळाच होता. पुन्हा विचारले. पोराने माझ्याकडे पाहिले. मग सरसरीच्या तळाशी, पडद्यावर रेघ उमटते न उमटते अशा आवाजात कोणीतरी म्हणाले, "हो, वापरात आहे. विचारल्याबद्दल आभार."

कोण होता, कुठून बोलत होता, कोणाचे ऐकत होता, काही कळले नाही. आम्ही आभार मानले आणि पाच किलोहर्ट्झ वर सरकलो.